शर्यतीला एक, नियमाला दीडशे

प्रश्न : काका, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मित्र एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये रेसिंगच्या मोटरसायकलची चॅसी, म्हणजे सांगाडा, बनवतोय. इंजिन बाजारातलंच, ३०० सीसीचं. आता कळतंय की प्रॉडक्शन गटात उतरायचं तर गाडी होमोलोगेट झालेली हवी, म्हणजे कंपनीने ठरावीक संख्येने बनवून विकलेली हवी. जागतिक सुपरबाइक स्पर्धेतही हेच आहे म्हणे. मग एकच गाडी, पण मन लावून बनवणाऱ्याने जायचं कुठे? आमच्यातला एक म्हणतो, हा नियम मोठ्या कंपन्यांनी लहानांना बाहेर ठेवायलाच करून घेतलाय. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. १९८७ साली मीच ते लिहिलं असतं. लालबागला आमच्या चाळीमागे पत्र्याची शेड होती. तिथे मी आणि माझ्या मामेभावाने ३५० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाभोवती चौकोनी पाइपची चॅसी वेल्ड केली. पाइप दारूखान्यातून आणले, स्विंगआर्मचे बुश लोअर परळच्या एका लेथवर काढून घेतले. टाकीतलं पेट्रोल काढून, गाडीला गोणपाट गुंडाळून रेल्वेने पार्सल केली आणि दक्षिणेतल्या एका स्पर्धेला पोचलो. स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधी गाडी तपासतात त्या, टेबलावरच्या गृहस्थांनी चॅसीवर टॉर्च मारला, नंबर कुठे पंच केलाय ते विचारलं, आणि फॉर्म परत दिला. वेल्डिंगला त्यांनी नाव ठेवलं नाही. कंपनीची चॅसी नव्हती, एवढंच. परतीच्या प्रवासात मामेभाऊ एक शब्द बोलला नाही.

पुढे बरीच वर्षं मी स्वतः त्याच टेबलाच्या पलीकडे बसलो आणि तुझ्यासारख्या पोरांचे फॉर्म परत दिले. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

नियम हवाच. बाहेरून शोरूमची दिसणारी आणि आत शोरूमचा एकही भाग नसलेली गाडी मी उघडून पाहिली आहे. संख्येची अट काढली, तर ज्याच्याकडे सर्वांत जास्त पैसा आहे तो एकच अफाट महागडी गाडी बनवेल आणि तिला प्रॉडक्शन म्हणेल. त्यात सर्वांत आधी तू चिरडला जाशील. १९८८ साली जागतिक सुपरबाइक सुरू झाली तीच या कल्पनेवर, की गिऱ्हाइकाला विकत मिळते त्या गाडीची शर्यत. तुझ्या मित्राला सांग, सुरुवात लहानांना हाकलायला झालेली नाही. त्याच पहिल्या वर्षी बिमोटा नावाची इटलीतल्या रिमिनीची चिमुकली कंपनी यामाहाचं इंजिन स्वतःच्या चॅसीत घालून उतरली. तिच्या दाविदे तार्दोत्सीने पाच शर्यती जिंकल्या आणि एकूण क्रमवारीत तो तिसरा आला. होंडावाला फ्रेड मर्केल विजेता ठरला.

पण अट लहानाला लागते कशी, ते हिशोबाने बघ. समज, तुझ्या एका गाडीला ६ लाख लागतात. नियम म्हणतो १५० गाड्या. म्हणजे ९ कोटी रुपये आधी घाल, मग ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटते त्या रांगेत, ये. मोठी कंपनी तेवढ्या गाड्या डीलरकडे सोडून मोकळी होते. तुझी गाडी मात्र शर्यत जिंकल्याशिवाय कोणी विकत घेणार नाही, आणि विकल्याशिवाय तुला शर्यत करता येणार नाही. वर त्या गाड्या रस्त्यावर आणायच्या तर आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला मान्यता, घे, उत्सर्जनाच्या चाचण्या कर. तो खर्च एका गाडीला होतो तेवढाच हजार गाड्यांना होतो. हजारांत वाटला तर जाणवत नाही, दीडशेत वाटला तर कंबर मोडते. शिवाय सुपरबाइकमध्ये मूळ फ्रेम होमोलोगेशनला दाखवली तीच ठेवावी लागते. तुझा स्टीअरिंग हेडचा, म्हणजे पुढचा फोर्क बसतो त्या जागेचा, अंदाज चुकला, तर सुधारायला पुन्हा तेच चक्र.

बिमोटालाच हे २०१४ साली भोगावं लागलं. बीएमडब्ल्यूच्या इंजिनाची बीबी३ त्यांनी सुपरबाइकच्या, इंजिनात कमी फेरफार चालणाऱ्या, इव्हो गटात उतरवली. आधी शर्यत करा, १२५ गाड्या मागाहून ठरलेल्या मुदतीत दाखवा, अशी सवलत मिळाली होती. गाडी धावत होती, नंबरात येत होती, पण गुण खात्यावर पडत नव्हते. गाड्या वेळेत झाल्या नाहीत आणि हंगाम संपायच्या आत संघाला बाहेर जावं लागलं. सवलत देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण लहान कारखान्यात १२५ गाड्या काही महिन्यांत उभ्या राहत नाहीत. फोर्क आणि ब्रेक पुरवणारा माल आधी मोठ्या गिऱ्हाइकाला देतो, हे तुला एमआयडीसीत कोणीही सांगेल.

मला सर्वांत जास्त चटका लावते ती फॉगी पेट्रोनासची गोष्ट. सुपरबाइकचा चार वेळचा विजेता कार्ल फोगार्टी मलेशियाच्या तेल कंपनीच्या पैशावर स्वतःची एफपी१ घेऊन आला. तीन सिलेंडर आणि ९०० सीसी, कारण गाडी आखली तेव्हा नियमात तीन सिलेंडरला ९०० आणि चार सिलेंडरला ७५० होते. १५० गाड्या बनवायची अटही त्यांनी पुरी केली. आणि २००३ साली, ही गाडी पहिल्यांदा उतरली त्याच वर्षी, चार सिलेंडरनाही १००० सीसी खुलं झालं. कागदावरचा सगळा फायदा एका ओळीत गेला. मोठ्या कंपनीने दुसरं इंजिन काढलं असतं. यांच्याकडे हे एकच होतं. चार हंगाम झुंजले, एकही शर्यत जिंकले नाहीत. त्यांना संख्येने मारलं नाही, मधेच बदललेल्या नियमाने मारलं. यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. एखाद्या लहान कंपनीचं इंजिन मान्य केलंत, तर निदान चार-पाच वर्षं त्या गटाच्या सीसीच्या मर्यादेला हात लावू नका, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणत आलोय.

अटीतून वाट काढणारेही झाले. हार्ले-डेव्हिडसनला अमेरिकी सुपरबाइकसाठी व्हीआर१००० च्या ५० गाड्या रस्त्यायोग्य दाखवायच्या होत्या. अमेरिकेचे नियम पाळणं जमेना, तेव्हा त्यांनी गाडी पोलंडमध्ये मान्य करून घेतली. कुठल्या देशात, ते नियमात लिहिलंच नव्हतं! पण पोलंडपर्यंत जायला वकील लागतो, तो तुझ्या शेडमध्ये नाही.

तुझ्या शेडच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे न्यूझीलंडचा जॉन ब्रिटन. क्राइस्टचर्चला राहून त्याने व्ही१००० बनवली, इंजिनसकट. रेडिएटर सीटखाली, अंग कार्बन फायबरचं. एकूण दहाच गाड्या झाल्या. दहा गाड्यांवर सुपरबाइकचं दार उघडत नाही, म्हणून तो अमेरिकेतल्या डेटोनाला जुळ्या सिलेंडरच्या खुल्या गटात गेला आणि तिथे मोठमोठ्या फॅक्टरी गाड्यांना घाम फोडला. १९९५ साली तो कॅन्सरने गेला. वय पंचेचाळीस.

तू चॅसी बनवतोस, म्हणून मोटो२ कडे, ग्रां प्री शर्यतींतल्या मधल्या गटाकडे, नीट बघ. २०१० साली तो गट सुरू झाला तेव्हा सगळ्यांना होंडाचं एकच ६०० सीसी इंजिन दिलं आणि चॅसी मोकळी सोडली. रस्त्यावर विकायची अट नाही. लगेच सुटर, मोरिवाकी, एफटीआर असे कितीतरी लहान कारखाने ग्रिडवर आले. पहिलं विजेतेपद टोनी एलियासने मोरिवाकीवर मिळवलं. २०११ चं स्टेफान ब्राडलने कालेक्सवर. कालेक्स म्हणजे क्लाउस आणि अ‍ॅलेक्स या दोघांच्या नावांची जोड, कंपनीला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झालेली. नियम लहानांना मारतो तसा उभाही करतो, तो असा.

आपल्या मुंबईच्या महिंद्राने २०११ ते २०१७ ग्रां प्रीमध्ये गाडी पळवली, बहुतेक काळ मोटो३ या सर्वांत लहान गटात. २०१६ ला असेनमध्ये फ्रान्चेस्को बन्याइयाने त्यांना पहिला विजय मिळवून दिला, तोच पुढे मोटोजीपी या सर्वांत वरच्या गटाचा विजेता झाला. त्या रविवारी मी घरात एकटाच ओरडत होतो. तिथेही रस्त्यावरची गाडी विकायची अट नव्हती. उलट इंजिनाच्या किमतीवर मर्यादा होती आणि मागतील त्या संघांना इंजिनं पुरवायची तयारी दाखवावी लागायची. म्हणजे संख्येची अट गेली तरी पुरवठ्याची येते. महिंद्राला ती पेलली, तुला पेलणार नाही, हे धरून चाल.

आता तुमच्या गाडीचं. या वर्षी प्रॉडक्शन गटाचा नाद सोडा. जिथे चॅसी मोकळी आहे असा खुला गट शोधा, आणि पैसे भरायच्या आधी त्या वर्षाचं नियमपुस्तक मागवून पूर्ण वाचा. मागच्या वर्षीचं चालत नाही, मी त्यात हरलोय. पुढेमागे कंपनी काढायची असेल तर बिमोटाची आजची वाट बघा. २०१९ मध्ये कावासाकीने त्यांचा जवळपास निम्मा हिस्सा घेतला, आणि २०२५ मध्ये कावासाकीच्याच इंजिनाची केबी९९८ सुपरबाइकमध्ये उतरली. चॅसी स्वतःची, इंजिन थोरल्याचं, आणि गाड्यांची संख्या भरायला त्याचा आधार.

स्टीअरिंग हेडचा कोन आणि ट्रेल किती ठेवलाय, ते तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात कळव, आणि हेडजवळच्या गसेटचा, म्हणजे आधाराच्या पट्टीचा, जवळून काढलेला फोटो पाठव. वेल्ड पहिल्यांदा तिथेच फुटतं.