पीएच.डी.चा प्रबंध सादर करताना आणि मौखिक परीक्षेसाठी काय तयारी करावी?

आपण विचारले आहे की, पुसद तालुक्यातील एका खेड्यात शिक्षिकेची नोकरी सांभाळून आपण वऱ्हाडी लोकगीतांवर मराठीतून प्रबंध पूर्ण केला आहे, पूर्वसादरीकरण पार पडले आहे, पुढील महिन्यात प्रबंध सादर करायचा आहे आणि मौखिक परीक्षेत परीक्षक नेमके काय विचारतील या काळजीने रात्री झोप लागत नाही. मी वाशीम जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. जात्यावरच्या ओव्यांवरील माझ्या प्रबंधाची मौखिक परीक्षा २०१९ साली झाली. आपला विषय माझ्या विषयाला अगदी लागून आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ताई, सर्वप्रथम अक्षरजुळणीकडे लक्ष द्या. तालुक्याच्या ठिकाणी डीटीपी करणारे बरेच जण अजूनही जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये टंकन करतात. त्या फॉण्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे छापलेला कागद नीट दिसतो, परंतु प्रबंधातील मजकुराचे इतरांच्या लिखाणाशी साम्य तपासणाऱ्या संगणकप्रणालीला त्यातला एकही मराठी शब्द वाचता येत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो आणि त्या रूपांतरात जोडाक्षरे हमखास बिघडतात. माझ्या प्रबंधाच्या शीर्षकातच ‘वऱ्हाड’ हा शब्द होता आणि रूपांतरानंतर तो ‘वर्हाड’ असा उमटला. नोंदणीपत्रावरील आणि मुखपृष्ठावरील शीर्षक अक्षरशः जुळावे लागते, म्हणून बांधणी झालेल्या सर्व प्रती मला उसवून घ्याव्या लागल्या.

त्याहून मोठी चूक मजकुरात होती. आपल्या भागातील आजी ‘डोया’ म्हणते, ‘शाया’ म्हणते. टंकन करणाऱ्या माणसाने चांगल्या हेतूने काही पानांवर त्याचे ‘डोळा’ आणि ‘शाळा’ करून टाकले होते. बोलीच्या अभ्यासात ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ हाच पुरावा असतो, तो पुसला गेला तर त्या गीताला संकलन म्हणता येणार नाही. आपण संकलित केलेले प्रत्येक गीत मूळ ध्वनिमुद्रण कानाला लावून, शब्दावर बोट ठेवून एकदा तपासा. हे काम दुसऱ्या कोणावर सोपवू नका, कारण त्या बाईचा आवाज आपणच ऐकलेला आहे.

साम्य अहवालाबद्दल फार घाबरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश यांची त्यात गणना होत नाही. मात्र अवतरण हे अवतरण आहे हे दिसले पाहिजे, म्हणून प्रत्येक गीताखाली गाव आणि संकलनाची तारीख लिहा.

आपली नोंदणी कधीची आहे हेही पाहून घ्या. आयोगाचे नवे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झाले आणि त्यांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती राहिलेली नाही. परंतु नोंदणी २०१६च्या विनियमांखालील असेल, तर एक प्रकाशित शोधनिबंध आणि परिषदांमधील दोन सादरीकरणे यांचा पुरावा प्रबंधासोबत जोडावा लागतो.

आता मौखिक परीक्षा. प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि मौखिक परीक्षा इतर बाबींबरोबरच त्यांच्या अहवालांतील आक्षेपांवर आधारलेली असते. विचारले जाण्याची सर्वाधिक शक्यता असलेले प्रश्न अहवालात लिहून आलेलेच असतात! अहवाल मार्गदर्शकांकडे आले की प्रत्येक आक्षेप स्वतःच्या हाताने वहीत उतरवा, त्यासमोर प्रबंधाचा पान क्रमांक लिहा आणि आक्षेप खरा असेल तर तसेही लिहा.

माझ्या बाबतीत एका परीक्षकांनी लिहिले होते की, संकलनातील बहुतेक गायिका साठीच्या पुढच्या आहेत, तेवढ्यावरून ‘ही परंपरा आता वृद्ध स्त्रियांपुरतीच उरली आहे’ असा निष्कर्ष कसा काढता येईल? मी क्षेत्रकार्याची वही काढली. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर गाव, तारीख आणि वेळ होती आणि जवळजवळ सर्व नोंदी दुपारी बारा ते साडेतीन या वेळेतल्या होत्या. सकाळचे कॉलेज सुटल्यावर मी एसटीने निघत असे आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून चारला फाट्यावर येऊन उभा राहत असे. त्या वेळी गावातल्या तरुण बाया निंदणाला नाहीतर वेचणीला गेलेल्या असत, घरी ओसरीवर म्हाताऱ्या तेवढ्या भेटत. एकदाच, एका लग्नघरी हळदीच्या रात्री मी मुक्काम केला होता आणि नेमक्या त्याच नोंदींत तिशीतल्या बायांच्या ओव्या होत्या.

म्हणजे माझा निष्कर्ष परंपरेविषयी नव्हता, तो एसटीच्या वेळापत्रकाविषयी होता. हे मी मौखिक परीक्षेत जसेच्या तसे सांगितले, वही परीक्षकांपुढे ठेवली आणि ते वाक्य ‘प्रस्तुत संकलनातील बहुतेक गायिका वृद्ध आहेत, दुपारच्या वेळी केलेले क्षेत्रकार्य हे त्याचे एक कारण आहे’ असे बदलण्याची तयारी दाखवली. त्यांनी त्या हळदीच्या रात्रीविषयी पुष्कळ विचारले आणि माझ्या परीक्षेतला सर्वांत चांगला वेळ तोच होता. आपल्याही वहीत असे काही असणारच. आपण कोणत्या गावांत गेलात, कोणत्या वस्तीत गेला नाहीत, कोणापुढे बायांनी गायचे टाळले, हे आजच शोधून मर्यादांच्या प्रकरणात लिहिले, तर परीक्षकांना ते शोधावे लागणार नाही.

सादरीकरणाचा सराव विषयाबाहेरच्या व्यक्तीपुढे करावा. मी आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांपुढे केला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “तुम्ही ज्याला ओवी म्हणता ते गाणे का नाही?” व्याख्येचे पाठ केलेले उत्तर तिथे टिकले नाही, म्हणून मी ते पुन्हा तयार केले. मौखिक परीक्षा खुली असते, प्राध्यापक आणि इतर संशोधक विद्यार्थी तिथे बसू शकतात. आपली तारीख येण्यापूर्वी दुसऱ्या कोणाची एक तरी परीक्षा जाऊन ऐका.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीच मुक्कामी पोहोचा, सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. सोबत प्रबंधाची खुणा केलेली प्रत, क्षेत्रकार्याची वही आणि चार-पाच निवडक ध्वनिमुद्रणे ठेवा. परीक्षेनंतर दुरुस्त प्रबंधाची सॉफ्ट प्रत शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ठेवणाऱ्या संकेतस्थळासाठी द्यावी लागते. ती डीटीपीवाल्याकडून न पाठवता स्वतः उघडून, शीर्षकातला ‘ऱ्हा’ पुन्हा एकदा पाहून द्या.