अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या सीडर ग्लेडमध्ये (चुनखडकावरच्या उघड्या, विरळ झाडांच्या माळरानांत) दुर्मिळ वनस्पती का आढळतात आणि तिथे दाट जंगल का वाढत नाही?

दोन्हींचे कारण एकच आहे: मध्य टेनेसीत सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या, ऑर्डोव्हिशियन काळातील चुनखडकाचे आडवे थर जवळजवळ उघडे असून वरची माती जेमतेम काही सेंटिमीटर आहे, त्यामुळे ती हिवाळ्यात पाण्याने चिंब आणि उन्हाळ्यात कोरडीठाक होते व वृक्षांना तग धरता येत नाही. खडकाच्या भेगांत तेवढा तांबडा सीडर (वस्तुतः जुनिपर) रुजतो. सावली नसल्यामुळेच टेनेसी कोनफ्लॉवरसारख्या, भरपूर ऊन लागणाऱ्या आणि दाट वाढीत मागे पडणाऱ्या प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात आढळणाऱ्या) वनस्पती तिथे टिकल्या. मात्र त्यांना चुनखडकच लागतो असे नाही. हे कोनफ्लॉवर पुरेसे ऊन मिळाल्यास बागेतही उत्तम वाढते. १९७९ मध्ये संकटग्रस्त घोषित झालेली ही वनस्पती, आनंदाची गोष्ट म्हणजे, अधिवास जपल्यामुळे सावरली आणि २०११ मध्ये यादीतून वगळली गेली.