फ्लॅटच्या गच्चीवर ४० मीटर बँडची हॅम रेडिओ अँटेना: ४९:१ ट्रान्सफॉर्मर तापतो, एसडब्ल्यूआर ३ च्या खाली येत नाही. काय चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा: हॅम रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स आलंय. ठाण्यात सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि सोसायटी गच्चीवर एक तार बांधू देते. ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) ५ वॅटचा सेट घरी बांधायचाय. टोकाला फीड केलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनासाठी ४९:१ ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, पण तो तापतो आणि एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचं माप, १ म्हणजे उत्तम) ३ वर अडकलाय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

ही दोन लक्षणं एकत्र दिसली की आधी कोअरवर (तार ज्यावर गुंडाळली त्या फेराइटच्या कड्यावर) संशय घ्या, मग वेढ्यांच्या मोजणीवर. तारेची लांबी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, गच्चीवर जाऊन तार कापत बसतात आणि चांगली वीस मीटरची तार तोकडी करून ठेवतात.

कोअर एफटी१४०-४३ हवा. बाहेरचा व्यास साडेपस्तीस मिलिमीटर, रंग काळपट राखाडी, वर कसलंही रंगीत लेपन नाही. जुन्या पॉवर सप्लायमधून निघणारे हिरवे कोअर दिसायला छान असतात, पण बहुतेक मँगनीज-झिंकचे असतात. ७ मेगाहर्ट्झला ते पॉवर गिळतात आणि उष्णता बाहेर टाकतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत खोक्यातून सुटा कोअर उचललात तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. त्यावर १० वेढे घ्या आणि एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारा) लावा. ४३ मटेरियलच्या या मापाला सुमारे ८८ मायक्रोहेन्री यायला हवेत. ७० ते ११० मध्ये असेल तर चालेल. चारशे-पाचशे दिसले तर तो कोअर सप्लायच्या फिल्टरलाच बरा.

आता वेढे. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा. बाहेरून किती फेरे दिसतात ते मोजायचं नाही. हे वाचायला पोरकट वाटेल, पण प्रायमरीला (सेटकडच्या २ वेढ्यांना) तारेची दोन्ही टोकं खाली ओढून घेताना दोनाचे तीन वेढे सहज होतात. सेकंडरी (अँटेनाकडची) १४ ठेवून प्रायमरी ३ झाली की गुणोत्तर, म्हणजे वेढ्यांच्या भागाकाराचा वर्ग, ४९ चं २२ होतं. मग तारेच्या टोकाकडच्या २४५० ओहमचं रूपांतर ५० ऐवजी ११२ ओहममध्ये होतं आणि तार कितीही कापली तरी एसडब्ल्यूआर सव्वादोनच्या आसपास राहतो. उलट प्रायमरीला एकच वेढा पडला तर १२ ओहम, म्हणजे ४.

गुंडाळायची पद्धत: २० किंवा २१ गेजची एनॅमल तार घ्या. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते. सेकंडरीसाठी ८० सेंटिमीटर आणि प्रायमरीसाठी २० सेंटिमीटर पुरते. दोन्ही तारांची एकेक टोकं जोडून सुरुवातीचे १२ सेंटिमीटर एकमेकींना पीळ द्या. पिळलेल्या जोडीचे २ वेढे घाला आणि प्रायमरीचं टोक बाहेर काढा. उरलेल्या एकट्या तारेचे आणखी ५ घाला. आता तार कोअरवरून तिरकी पलीकडे न्या आणि समोरच्या अंगाला ७ घाला. पलीकडे जाताना ती भोकातून जाते, तो या सातांतला पहिला वेढा. एकूण १४. तिरकं नेण्याने जादू काही होत नाही, एवढंच की इनपुट आणि आउटपुट समोरासमोर येतात आणि डबीत बसवायला सोपं जातं. पिळलेलं जोड टोक कोॲक्सच्या (सेटकडे जाणाऱ्या केबलच्या) जाळीला, प्रायमरीचं मोकळं टोक मधल्या तारेला आणि सेकंडरीचं शेवटचं टोक अँटेनाला. एनॅमल ब्लेडने चारी बाजूंनी खरवडा. एका बाजूला राहिलेल्या एनॅमलवर सोल्डर नुसतं बसल्यासारखं दिसतं. प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर सगळीकडे सुचवतात. त्याचा उपयोग १४ मेगाहर्ट्झच्या वर दिसतो. फक्त ४० मीटर करायचं असेल तर नसला तरी अडत नाही.

डबीत बसवण्याआधी टेबलावर तपासा. आउटपुट आणि जाळी यांच्यामध्ये २.२ किलोओहम आणि २२० ओहम असे दोन साधे फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, पाय आखूड ठेवा आणि नॅनोव्हीएनए (एसडब्ल्यूआर मोजायचं छोटं यंत्र) जोडा. ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर १.३ च्या आत यायला हवा. नाही आला तर दोष इथेच आहे, गच्चीवर जायची गरज नाही. पण एवढ्यानेही कोअर निर्दोष ठरत नाही, कारण लॉस करणारा कोअर एसडब्ल्यूआर छानच दाखवतो. खात्री करायची तर तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर बनवा, दोघांची उच्च बाजू एकमेकांना जोडा, आरपार लॉस मोजा आणि निम्मा करा. एकाला १ डीबीच्या आत हवा. १ डीबी म्हणजे ५ वॅटपैकी साधारण १ वॅट कोअरमध्ये. एफटी१४० एवढ्याने कोमट होईल, हात भाजणार नाही.

तार: अर्धी तरंगलांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.१ ला २०.१ मीटर. पीव्हीसीच्या वेष्टनामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच लागते, तरी सुरुवात २०.५ ने करा. समजा रेझोनन्स (एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असतो ती फ्रीक्वेन्सी) ६.९ ला आला, तर ५७ सेंटिमीटर कमी करायचेत. १० सेंटिमीटरला सुमारे ३५ किलोहर्ट्झ हा हिशेब लक्षात ठेवा. कापू नका, टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट गुंडाळा. आपल्याकडे बँड ७.० ते ७.२ आहे, मध्य गाठला की पुरे. पावसात ओली तार रेझोनन्स थोडा खाली नेते, तेव्हा ऑगस्टमध्ये पुन्हा कापायला धावू नका.

गच्चीवर एक टोक टाकीच्या खांबाला, दुसरं समोरच्या कठड्यावरच्या पाइपला. उंची सात मजल्यांची धरू नका. स्लॅबमधल्या सळया जमिनीचं काम करतात, त्यामुळे स्लॅबपासूनची चार-पाच मीटर हीच खरी उंची. त्याचा फायदाही आहे: एवढ्या खालून सिग्नल बराचसा सरळ वर जातो आणि दिवसा पुणे-नाशिक-कोल्हापूर टप्प्यात येतात. टोकाचा इन्सुलेटर पीव्हीसी पाइपचा तुकडा चालेल, त्यापुढे नायलॉनची दोरी. ५ वॅटला टोकावर १५७ व्होल्टचं शिखर असतं. पापड आणि कपडे वाळत घालणाऱ्यांच्या हाताबाहेर तार ठेवा. संक्रांतीनंतर मांजा अडकलाय का तेही एकदा बघून या.

ट्रान्सफॉर्मरपासून २ मीटरवर कोॲक्सवर चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारं वेटोळं) बसवा: एफटी२४०-४३ वर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे. मधले २ मीटर काउंटरपॉइजचं (अँटेनाच्या दुसऱ्या बाजूचं) काम करतात. चोक नसेल तर कोॲक्सची जाळी चौथ्या मजल्यापर्यंत अँटेना बनते, हात लावला की एसडब्ल्यूआर हलतो आणि इमारतीतल्या एलईडी दिव्यांचा खरखराट रिसीव्हरमध्ये घुसतो. केबल टीव्हीची आरजी-६ स्वस्त आहे आणि लॉसही कमी, फक्त ती ७५ ओहमची असते आणि तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीवर सोल्डर धरत नाही. क्रिंप कनेक्टरच वापरा.

सुरुवात कुठून, याचं उत्तर मात्र अँटेनाही नाही आणि सेटही नाही. आधी डमी लोड (तपासताना अँटेनाऐवजी जोडायचे रेझिस्टर). १ किलोओहमचे अर्ध्या वॅटचे २० फिल्म रेझिस्टर समांतर, म्हणजे ५० ओहम, १० वॅट. वायरवाउंड घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात. त्यावर १एन४१४८ डायोड, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि मल्टिमीटर. दिसलेल्या व्होल्टमध्ये ०.६ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. २१.७ व्होल्ट दिसले की ५ वॅट.

मग फिल्टर. आउटपुटला लो-पास फिल्टर नसलेला सेट अँटेनाला जोडायचाच नाही. १४ आणि २१ मेगाहर्ट्झवर तुमचे हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) जातील. ४० मीटरला चालणारी मापं: कपॅसिटर २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड, कॉइल टी३७-६ वर २१, २४, २१ वेढे. कपॅसिटर सी-झीरो-जी प्रकारचे, १०० व्होल्टचे. साधे डिस्क तापतात आणि त्यांची किंमत सरकते. टी३७-६ चा पिवळा लेप एकाच रंगाचा असतो. पिवळा पण एक बाजू पांढरी, तो २६ मटेरियलचा, सप्लायमधला. इथे तो अजिबात नको, आणि दुकानात दोन्ही एकाच डब्यात असतात.

सेट म्हणून हैदराबादच्या अश्हर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्स या घरी बांधायच्या सेटच्या घराण्यातलं काही घ्या. मूळ बिटएक्समध्ये टोरॉइडऐवजी (कड्याच्या आकाराच्या कोअरऐवजी) नळाचे वॉशर वापरले होते, इतकं ते आपल्या बाजाराला धरून आहे. आयआरएफ५१० या पीएच्या (आउटपुटच्या पॉवर ॲम्प्लिफायरच्या) ट्रान्झिस्टरचा बायस, म्हणजे गेटचा स्थिर व्होल्टेज, लावताना डमी लोड जोडलेला, माइक गप्प आणि प्रीसेट (बायस ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) शून्यावर. पीएच्या सप्लायमध्ये ॲमीटर लावून करंट १०० मिलिॲम्पिअरने वाढेपर्यंत प्रीसेट अगदी सावकाश फिरवा. गेटचा व्होल्टेज एका टप्प्यानंतर अचानक पकड घेतो. या ट्रान्झिस्टरची पाठ म्हणजेच ड्रेन, त्यामुळे हीट सिंकखाली अभ्रकाची पट्टी हवीच. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी पुरते, आणि बॅटरीवर ऐकलं की घरातला कुठला चार्जर गोंगाट करतो तेही मेन स्विच बंद करून लगेच कळतं.

एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसले की कोॲक्स सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. नुसता सेट बंद करून भागत नाही.