कादंबरीतल्या दोन राज्यांचं पिढीजात वैर खरं वाटत नाहीये, काय करू?

तुम्ही म्हणताय की तुमच्या दोन राज्यांत दोनशे वर्षांचं वैर आहे, पण आत्ताची माणसं एकमेकांवर एवढी का चिडून आहेत ते वाचणाऱ्याला पटत नाही. मला वाटतं तुम्ही दोघांनाही एकच इतिहास दिलाय. वैरात प्रत्येकाची गोष्ट वेगळ्या दिवशी सुरू होते.

महाभारतातच बघा ना, जनमेजय राजाची गोष्ट ‘तक्षक नागानं माझ्या बापाला मारलं’ इथून सुरू होते आणि त्या एकासाठी तो जगातले सगळे साप जाळायला यज्ञ मांडतो, पण तक्षकाला विचाराल तर तो खांडववनापासून सुरू करेल, जनमेजयाच्या पणजोबानं म्हणजे अर्जुनानं ते जाळलं त्यात तक्षकाची बायको मेली, पोरगा अश्वसेन कसाबसा निसटला आणि तोच पुढे कर्णाच्या बाणावरून अर्जुनाला मारायला आला. शिवाय जनमेजयाला पेटवणारा उत्तंक, त्याची वेगळीच खुन्नस, तक्षकानं त्याच्याकडची कुंडलं पळवलेली. असा एक माणूस दरबारात ठेवाच.

मला हे घरातच दिसलं. आम्ही पुण्याचे, आजीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. १९४८ ला गांधीजींच्या खुनानंतर ब्राह्मणांची घरं जाळली त्यात तेही गेलं. खून केला नथुरामनं, आणि जळलं कोणाचं तर ज्यांनी त्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं त्यांचं. पण आजीची गोष्ट कायम ‘ते लोक रॉकेल घेऊन आले’ इथूनच सुरू व्हायची, गांधीजी त्यात नसायचेच, ते मी शाळेत शिकलो आणि या दोन गोष्टी लागोपाठच्या आहेत हे कळायला कॉलेज उजाडलं. ‘ते लोक’ म्हणजे कोण हे तिनं कधी सांगितलं नाही तरी आम्हा पोरांना बरोबर कळायचं. त्या जातीचा माझा एक वर्गमित्र घरी आला की तिचा आवाज बदलायचा, त्याचा तर बापही तेव्हा जन्मला नव्हता. मीही मग त्याला बोलवायचं बंद केलं, ते अजून डाचतं.

म्हणून लढायांच्या तारखा राहू द्या, दोन्हीकडची आजी पहिलं वाक्य काय म्हणते ते आधी लिहा. आणि सर्पसत्र थांबवणारा आस्तिक, त्याची आई नागकन्या आणि बाप ऋषी. तुमच्या सीमेवरच्या गावांत अशी लग्नं झालेली असणारच, त्या पोरांना दोन्ही आज्यांच्या गोष्टी ऐकाव्या लागत असतील, कादंबरी त्यांच्यातल्या एखाद्यापासून सुरू करून बघा.