२०१० ची मर्सिडीज एस ५०० साडेअकरा लाखांत मिळतेय, घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलीच गाडी, नोंदणी डिसेंबर २०१० ची, मर्सिडीज एस ५०० एल, साडेपाच लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, ८८ हजार किलोमीटर रनिंग, दुसरा मालक, मागणी साडेअकरा लाख. सध्याची स्विफ्ट विकून ही घ्यायचा विचार आहे, महिन्याचं रनिंग सात-आठशे किलोमीटर, आणि घरचे म्हणताहेत की एवढ्या पैशांत नवी कोरी गाडी येते.

स्विफ्ट विकून घेणार असाल तर घेऊ नका. स्विफ्ट ठेवणार असाल आणि या साडेअकरा लाखांखेरीज आणखी चार-पाच लाख बाजूला काढलेले असतील, तर नीट तपासून जरूर घ्या. मी याच पिढीची एस-क्लास, म्हणजे कंपनीच्या भाषेत डब्ल्यू २२१, बरीच वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये वापरतोय. माझी ३५० आहे, व्ही-६ पेट्रोल. तुमच्या ५०० चं इंजिन त्याच घराण्यातलं, दोन सिलिंडर जास्त असलेलं. त्यामुळे ही गाडी रोजच्या वापरात कशी वागते ते मला माहीत आहे.

स्विफ्ट ठेवा असं का म्हणतो? ही गाडी बिघडली की दोन तासांत सुटत नाही. एखादा पार्ट पुण्यात नसतो, तो मागवावा लागतो, आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये उभी. घरात दुसरी गाडी असेल तर माणूस शांतपणे चार ठिकाणी भाव विचारतो, चांगल्या मेकॅनिकची वेळ मिळेपर्यंत थांबतो. एकुलती एक गाडी असेल तर सोमवारी ऑफिस गाठायचंय म्हणून मिळेल तो माणूस आणि मिळेल तो पार्ट घेतला जातो. एस-क्लासची दुर्दशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

आता पैशांचं बघू. ही गाडी नवी होती तेव्हा कोटीच्या घरात होती. पंधरा वर्षांत गाडीची किंमत आठ-नऊ पटींनी खाली आली, पण तिचे पार्ट अजून कोटीच्या गाडीचेच आहेत. म्हणून टोकन देण्याआधी एक काम करा. आरसीवरचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपच्या पार्ट काउंटरला जा आणि पाच गोष्टींचा लेखी भाव मागा: पुढचा एक एअर सस्पेन्शन स्ट्रट (चाकावरचा हवेचा शॉकअप), एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सची कंडक्टर प्लेट, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) आणि एक हेडलाइट. तो कागद घरी आणा आणि शांतपणे वाचा. वाचून झोप उडाली तर गाडी तुमच्यासाठी नाही, आणि हे साडेअकरा लाख द्यायच्या आधी कळलेलं बरं. बाहेर हेच पार्ट बरेच स्वस्त मिळतात, रीमॅन्युफॅक्चर्ड स्ट्रटही चांगले येतात. पण हिशेब करताना वरचा आकडा डोळ्यांसमोर असावा.

पेट्रोलचा खर्च लोक सगळ्यात आधी विचारतात, तो खरं तर सगळ्यात सोपा आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला पाच किलोमीटर धरा, पाषाण ते हडपसर असं रोज संध्याकाळी करणार असाल तर चारच. आठशे किलोमीटरला १६० लिटर, लिटरला १०४ रुपयांनी साडेसोळा हजारांच्या वर. ९० लिटरची टाकी आहे, एकदा फुल केली की नऊ हजारांहून जास्त. हायवेवर शंभरच्या आत चालवली तर नऊ-दहाचं अ‍ॅव्हरेज देते. हा खर्च ठरलेला असतो, महिन्याला दिसतो, त्याची तयारी करता येते. माणूस जेरीस येतो तो वर्षातून एकदा अचानक येणाऱ्या मोठ्या बिलाने.

इथेनॉलचंही लक्षात घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि ही गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के उतरतंच. त्याहून माझं लक्ष जुन्या रबरी नळ्या आणि सीलवर असतं. गाडी महिनोन्महिने टाकीभर पेट्रोल घेऊन उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी नीट गरम होईपर्यंत चालवा.

इंजिन मात्र या गाडीचं खरं सोनं आहे, ते मनापासून सांगतो. ५४६१ सीसी, ३८८ अश्वशक्ती, ५३० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि टर्बो नाही. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगात सातव्या गिअरला इंजिन मिनिटाला दीड हजारांच्या आसपास फिरत असतं, आत बसलेल्याला त्याची चाहूलही लागत नाही. खंडाळ्याचा चढ आला तरी आवाज बदलत नाही. पुढे कंपनीने याच नावाखाली ४.७ लिटरचं ट्विन-टर्बो इंजिन आणलं. ताकद वाढली, पण जुनी गाडी म्हणून घ्यायला मला आधीचंच बरं वाटतं. टर्बो नाहीत, म्हणजे उष्णतेने वाळणाऱ्या नळ्या आणि सांधेही कमी.

या घराण्याच्या इंजिनांबद्दल इंटरनेटवर एक भीती सतत वाचायला मिळते. व्ही-६ मध्ये बॅलन्स शाफ्टचा आणि व्ही-८ मध्ये टायमिंग चेनच्या आयडलर गिअरचा दाता झिजायचा, आणि तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. ती अडचण साधारण २००८ पर्यंतच्या इंजिनांची. २०१० च्या गाडीत ती असायला नको. तरी इंजिन नंबरवरून खात्री करून घ्या, कारण आधी कधी इंजिन बदललेलं असेल तर गाडीचं साल काही सांगत नाही.

बघायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. औंधला एका ओळखीच्यांसाठी अशीच एक ५०० बघायला गेलो होतो. बाहेरून आरशासारखी, बॉनेटखाली डिटेलिंगवाल्याने सगळं चकचकीत केलेलं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला कॅमशाफ्टचे गोल मॅग्नेट असतात, त्यांना छोटे प्लग जोडलेले असतात. त्यातला एक प्लग काढला आणि टिशू पेपरचं टोक आत फिरवलं. टोक तेलाने काळं झालं. मॅग्नेटमधून झिरपणारं तेल वायरींच्या आतून हळूहळू सरकत थेट इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू शकतं. मॅग्नेट वेळेवर बदलले तर काम छोटं, वायरिंग आणि कॉम्प्युटर गेला तर गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा गेला. तुम्ही बघायला जाल तेव्हा हे टिशूचं काम विसरू नका. विकणारा नको म्हणाला तर कारण विचारा.

दुसरी गोष्ट सस्पेन्शन. या गाडीत नेहमीचे शॉकअप आणि स्प्रिंग नाहीत, चारही कोपरे हवेच्या फुग्यांवर उभे असतात. रबराला चिरा पडल्या की हवा हळूहळू सुटते. दिवसा ते कळत नाही, कारण कॉम्प्रेसर हवा भरत राहतो. म्हणून गाडी सकाळी बघायला जा, आणि आदल्या रात्रीपासून सुरू केलेली नसावी ही अट आधीच घाला. सपाट जागेवर चारही चाकं आणि मडगार्डमधलं अंतर टेपने मोजा. पुढे डाव्या-उजव्यात बोटभर फरक दिसला तर एक स्ट्रट गेलाय असं समजा. मग गाडी सुरू करून डॅशबोर्डवरचं उंची वाढवायचं बटण दाबा. ती लगेच, चारही बाजूंनी सारखी उठली पाहिजे. कॉम्प्रेसर बराच वेळ घुरघुरत राहिला तर त्याच्यावरही ताण आलेला आहे. स्ट्रटची गळती अंगावर काढली की पाठोपाठ कॉम्प्रेसर जळतो, म्हणजे एका खर्चाचे दोन होतात. तसंही, चांगलं सस्पेन्शन असलेली ही गाडी खड्ड्यांवरून जाताना जे सुख देते ते दहा लाखांच्या कुठल्याही नव्या गाडीत मिळणार नाही.

गिअरबॉक्स सात गिअरचा आहे आणि मुळात मजबूत. त्याच्या आत कंडक्टर प्लेट नावाचं इलेक्ट्रॉनिक युनिट असतं, त्यातले सेन्सर गेले की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. नवं युनिट नुसतं बसवून भागत नाही, ते त्या गाडीसाठी ऑनलाइन कोडिंग करून घ्यावं लागतं. ते करू शकणारी गॅरेजं मोजकीच. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद सर्व्हिस हिस्टरीत आहे का ते पाहा. नसेल तर ते काम घेतल्या घेतल्या करायचं.

या सगळ्यासाठी झेंट्रीचं, म्हणजे मर्सिडीजच्या स्वतःच्या तपासणी सॉफ्टवेअरचं, मशीन असलेल्या माणसाकडून पूर्ण स्कॅन करून घ्या. कुठल्याही गाडीला लागणारा साधा ओबीडी स्कॅनर इथे कामाचा नाही. रनिंग मीटरशिवाय इतर युनिटांमध्येही नोंदलेलं असतं, त्यामुळे ८८ हजारांचा आकडा खरा आहे का तेही बरंचसं उलगडतं. पुरात बुडालेल्या गाड्या परराज्यातून फिरत येतात, म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, डिकीत तळाचं आवरण उचलून खाली गाळ किंवा गंज आहे का बघा. या गाडीची बॅटरी आणि बरीच इलेक्ट्रॉनिक युनिटं मागेच आहेत, तिथे पाणी शिरलेलं असेल तर पुढे विचारच करू नका.

विम्याचा भाग लोक शेवटी बघतात, मी आधी बघेन. थर्ड पार्टीचं काही वाटत नाही: दीड हजार सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्यांना एकच दर, २०२२ मध्ये ठरलेला ७,८९७ रुपये. साडेपाच लिटर असो की सोळाशे सीसी, फरक नाही. प्रश्न स्वतःच्या नुकसानीचा आहे. दहा वर्षांवरच्या गाडीला झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कवच, बहुतेक मिळत नाही, आणि साध्या पॉलिसीत धातूच्या आणि प्लॅस्टिक-रबराच्या पार्टांवर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे बिलातला जवळपास अर्धा वाटा तुमचा. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. नऊ लाखांचा आयडीव्ही असेल तर पुढून बसलेली एकच जोरदार धडक, दोन हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट, एअरबॅग, तिथवर सहज पोचते. तेव्हा आयडीव्ही बिलकुल कमी करून घेऊ नका, प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल.

एक अगदी साधी गोष्ट: ही लांब व्हीलबेसची गाडी सव्वापाच मीटरची आहे. बऱ्याच सोसायट्यांत पार्किंगची चौकट पाच मीटरची असते. घरी जाऊन टेप लावून बघा, नाहीतर रोज शेजाऱ्यांशी वाद.

घरच्यांचा मुद्दाही चुकीचा नाही. मोठं इंजिन हवंय पण एवढी उस्तवार नको असेल तर होंडा अकॉर्डची ३.५ लिटर व्ही-६ शोधा, २००८ नंतरची. पिकअप भन्नाट, सस्पेन्शन साधं, साधारण २७० अश्वशक्ती. टायमिंग बेल्ट बदललाय का तेवढं बघायचं. ती एस-क्लास नाही, मागच्या सीटवर बसल्यावर लगेच कळतं; बॉडीचे पार्टही आता शोधावे लागतात. पण एकुलती एक गाडी म्हणून तिचा विचार करता येईल.

शेवटी कागदपत्रं, कारण तुमच्या बाबतीत तिथेच भाव करायला जागा आहे. नोंदणी डिसेंबर २०१० ची, म्हणजे पंधरा वर्षं भरली. नूतनीकरण झालेलं नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि तुमच्या नावावरही होणार नाही. फॉर्म २५ (नूतनीकरणाचा अर्ज), आरटीओची तपासणी, पर्यावरण कर, पीयूसी, मागची चलनं भरलेली, हे सगळं लागतं. आरसीवर गाडी 'इम्पोर्टेड' म्हणून नोंदवलेली आहे का ते आवर्जून बघा: साध्या कारचं पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण शुल्क ५ हजार, इम्पोर्टेडचं ४० हजार. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. तुम्हाला स्वतःला एवढ्या जुन्या गाडीवर बँक बहुधा कर्ज देणार नाही, तेव्हा रोखीचीच तयारी ठेवा.

पर्सनल लोन काढून ही गाडी घेऊ नका. स्कॅन स्वच्छ निघाला, सकाळी चारही कोपरे सारखे भरले आणि सर्व्हिसच्या नोंदी सलग असल्या तर साडेनऊपासून बोलायला सुरुवात करा, साडेदहापर्यंत जायला माझी हरकत नाही. एखादा स्ट्रट किंवा मॅग्नेटचं काम निघालं तर पार्ट काउंटरवरचा लेखी भाव दाखवून तेवढी रक्कम कमी करून मागा. आणि नूतनीकरण विकणाऱ्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खर्चाने करून द्यायचं, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर. तोपर्यंत टोकनपलीकडे एक रुपयाही देऊ नका.