१८५० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कारखानदारी शहराचं वर्ष कसं जायचं?

तुमचा प्रश्न असा: यादवी युद्धाआधी दक्षिणेत नुसते कापसाचे मळेच होते की कारखान्यांची शहरंही होती, आणि असतील तर मजूर गुलाम असताना तिथला कारभार वर्षभर चालायचा कसा?

शहरं होती. व्हर्जिनियातलं रिचमंड घेतलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. जेम्स नदी इथे साधारण सात मैलांत शंभर फूट खाली उतरते. म्हणजे यंत्रं फिरवायला पाणी फुकट, आणि धबधब्यांच्या खाली भरतीचं पाणी येत असल्याने समुद्राची वाटही उघडी. वरच्या अंगाला कालवा होता, तो १८५१ पर्यंत डोंगराळ भागातल्या ब्युकॅनन गावापर्यंत पोचला होता. १८६० च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ३८,००० भरली, त्यात ११,७०० च्या आसपास गुलाम. धंदे मुख्यतः तीन: तंबाखू, पीठ आणि लोखंड.

वर्ष सुरू व्हायचं १ जानेवारीला, आणि ते मजूरभरतीने. तंबाखू कारखान्यांतले बरेचसे गुलाम कारखानदाराच्या मालकीचे नसत. आसपासच्या जिल्ह्यांतल्या जमीनदारांकडून, विधवांकडून, अज्ञान वारसांच्या पालकांकडून ते वर्षाच्या बोलीने भाड्याने घेतलेले असत. मुदत नववर्षापासून नाताळपर्यंत. आपल्याकडे विदर्भात पाडव्याला सालगडी ठरतो तसाच हा हंगाम, फरक एवढाच (आणि तो सगळा फरक आहे) की सालाचे पैसे राबणाऱ्याला मिळत नसत, त्याच्या मालकाला मिळत.

व्यवहार असा व्हायचा. पैसे रोख द्यायचे नाहीत, रोखा लिहून द्यायचा. रक्कम वर्ष संपल्यावर. १८५० च्या दशकात धडधाकट पुरुषाचं भाडं साधारण १०० ते १५० डॉलर असे. शिवाय खाणंपिणं, उन्हाळी आणि हिवाळी कपडे, जोडे, टोपी आणि घोंगडी भाड्याने घेणाऱ्याने द्यायची. शहरात दलाल बसलेले असत, ते मालकाच्या वतीने माणूस लावून देत आणि टक्केवारी कापून घेत. माणूस आजारी पडला किंवा पळाला तरी भाडं चुकत नसे. मेला तर मात्र त्या दिवसापर्यंतचंच भाडं, असं व्हर्जिनियातल्या न्यायालयांनी धरलं होतं. कोळशाच्या खाणीत पाठवायचं नाही, अशी अट कितीतरी मालक रोख्यातच घालत, आणि ती भूतदया नव्हती. शहराच्या पश्चिमेला मिडलोदियनच्या खाणी होत्या; १८५५ च्या मार्चमध्ये तिथल्या वायूच्या स्फोटात पन्नासच्या वर माणसं मेली. मालमत्ता जळू नये, एवढाच त्या अटीचा अर्थ.

कारखानदाराच्या दृष्टीने यातली मेख अशी की वर्षभराची मजुरी त्याला उधारीवर मिळत होती. माल विकून पैसे हातात आले की रोखा फेडायचा. गुलामगिरी आणि कारखाना यांचं जमत नाही असं पुष्कळजण गृहीत धरतात. रिचमंडमध्ये ते इतकं नीट जमलं होतं की अडचण वेगळीच होती. ती लोखंडाकडे येऊ तेव्हा दिसेल.

जानेवारी-फेब्रुवारीत पाण्याचा भरवसा नसे. थंडी कडक पडली की कालवा गोठे, बोटी अडकत, डोंगरातल्या भट्ट्यांवरून येणारं कच्चं लोखंड वाटेत राही. बर्फ वितळून पूर आला की काठ फुटण्याची भीती, आणि उन्हाळा सरताना पाणी उतरलं की चाकं रेंगाळत. पाण्यावर चालणाऱ्या शहराला ही तीन दुखणी दर वर्षी ठरलेलीच.

तंबाखूचं कालचक्र मात्र वर्षाच्या सीमेत मावत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात कापलेलं पान शेतावरच्या कोठारात टांगून वाळवायचं. वाळलेलं पान हात लावताच चुरा होतं, म्हणून देठावरून उतरवायचं काम हिवाळ्यातल्या दमट दिवसांसाठी ठेवायचं. हवेतला ओलावा पिऊन पान मऊ पडलं की तेवढ्यात जुड्या बांधायच्या आणि मोठ्या लाकडी पिंपात दाबून भरायच्या. एका पिंपात हजार पौंडांच्या वर माल. फार ओलं असताना भरलं तर पिंपात आतून तापतं आणि कुजतं. म्हणून शहराच्या वखारीत सरकारी तपासनीस पिंप उभं करून फळ्या काढी, पहारीने दोन-तीन ठिकाणी थर उचकटून आतली पानं ओढून काढी, त्यांचा नमुना बांधून मोहोर लावी. बोली त्या नमुन्यावर लागे. तेव्हा १८५५ च्या मे महिन्यात रिचमंडला विकला जाणारा माल हा १८५४ च्या शेतातला.

शहरात पन्नासच्या आसपास कारखाने चघळायची तंबाखू करत. आधी पानाची मधली शीर काढायची. हे काम बहुधा पोरं आणि बायका करत. मग कढईत ज्येष्ठमध आणि साखर उकळून त्या पाकात पानं बुडवायची. ज्येष्ठमध भूमध्य समुद्राकडून जहाजाने येई. पाकातली पानं वाळवायची, वर सुवास शिंपडायचा, हाताने वडी वळून चांगल्या अखंड पानात गुंडाळायची, साच्यात घालून स्क्रूच्या दाबयंत्राखाली दाबायची आणि पेटीत भरायची. नेमका घोळ वाळवण्यात होई. पाक ओला राहिला तर पेटीत बुरशी धरते, जास्त वाळला तर वडी दाबताना फुटते. ऊन लागे ते इथे. म्हणून खरी घाई उन्हाळ्यातली.

वडी वळणाऱ्याला रोजचा नेम ठरवून दिलेला असे. त्यावर जास्त केलं तर त्याचे पैसे त्या गुलामाच्याच हातात पडत. शिवाय कित्येक कारखाने राहायची सोय न करता खाण्या-राहण्याचे रोख पैसे देऊन मोकळे होत, आणि माणसं शहरात कुठेतरी खोली बघत. शहराच्या कारभाऱ्यांना हे खपत नसे. हातात पैसा आणि रात्री मोकळा असलेला गुलाम त्यांना धोक्याचा वाटे, म्हणून नगरपालिका नियम करी आणि कारखानदार ते वाकवत. रात्री चिठ्ठीशिवाय सापडला की दुसऱ्या दिवशी महापौराच्या कचेरीत फटक्यांची शिक्षा. ही सवलत केवढी पोकळ होती ते हेन्री ब्राउनच्या उदाहरणावरून कळतं. तो इथल्याच तंबाखू कारखान्यात राबायचा, घरभाडं भरायचा; तरी १८४८ मध्ये त्याची बायको आणि मुलं दुसऱ्या मालकाने विकून टाकली. मार्च १८४९ मध्ये त्याने स्वतःला तीन फूट लांब, दोन फूट रुंद पेटीत बंद करून घेतलं आणि पार्सल म्हणून फिलाडेल्फियाला पोचला. प्रवास २७ तासांचा. शहरातल्या शॉको बॉटम या भागातला गुलामांचा बाजार कारखान्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि न्यू ऑर्लिन्स सोडलं तर एवढा बाजार देशात दुसरा नव्हता.

जूनअखेर गहू कापला जाई आणि जुलैपासून कालव्याने शहरात उतरू लागे. गॅलेगो आणि हॅक्सॉल या गिरण्यांचं पीठ मुख्यतः ब्राझीलला, रिओ द जानेरोला जाई. विषुववृत्त ओलांडताना उबाऱ्यात पीठ आंबतं. व्हर्जिनियाचा गहू कोरडा असल्याने ते टिकत असे आणि भाव त्या टिकण्याला होता. ओला गहू घाईने दळला तर पिंप इथे चांगलं दिसे आणि तिकडे गाठी झालेलं निघे. एका पिंपात १९६ पौंड पीठ, हे माप ठरलेलं. नदी उथळ असल्याने मोठी जहाजं शहरापर्यंत पूर्ण भरून येत-जात नसत, उरलेला माल पडावांनी खाली सिटी पॉइंट या बंदराकडे न्यावा लागे. परतीला जहाजात कॉफी.

लोखंडाला ऋतू नव्हता. ट्रेडेगर कारखाना १८३७ चा, नाव वेल्समधल्या गावावरून. १८४१ पासून सूत्रं जोसेफ रीड अँडरसनकडे. तोफा, रेल्वेची चाकं, इंजिनं, ‘रोआनोक’ आणि ‘कोलोरॅडो’ या युद्धनौकांची यंत्रं, सगळं इथे झालं. पण मूळ काम घडीव लोखंडाचं, म्हणजे पडलिंगचं. भट्टीत कोळसा एका बाजूला आणि लोखंड दुसऱ्या, मध्ये भिंत. ज्योत छतावरून वळून लोखंडावर पडते. चारपाचशे पौंड कच्चं लोखंड वितळवून लांब सळईने ढवळत राहायचं. आतला कार्बन जळत जातो तसा लोखंडाचा वितळणबिंदू चढतो आणि त्याच आचेवर पातळ रस कणकेसारखा घट्ट होऊ लागतो. तो क्षण डोळ्यांनी ओळखायचा, गोळे करायचे, घणाखाली मळी पिळून काढायची, मग रोलिंग मिलमध्ये पट्ट्या. एका घाण्याला दोनेक तास. लवकर काढलं तर कार्बन राहतो. गंधक राहिलं तर पट्टी तापल्यावर तडकते, फॉस्फरस राहिला तर थंडीत मोडते.

ही नजर यायला एक साल पुरत नाही, आणि मघाशी म्हटलेली अडचण तीच: शिकवून तयार केलेला माणूस नाताळला हातचा जातो. अँडरसनने त्यावर काही गुलाम विकतच घेतले आणि त्यांना भट्टीवर शिकवायला काढलं. मे १८४७ मध्ये गोऱ्या कारागिरांनी काम बंद केलं: आमचा हुन्नर यांना शिकवणार नाही. त्याने संपकऱ्यांनाच काढून टाकलं आणि कारखान्याची घरं खाली करायला सांगितली. तरीही हा प्रयोग त्याला हवा तसा फैलावला नाही. दशक सरता सरता गुलामांचे भाव चढले, आणि १८६० च्या सुमारास ट्रेडेगरच्या आठशेच्या आसपास कामगारांत गुलाम दहाला एक उरले. कच्चं लोखंडही तोवर व्हर्जिनियाच्या लोणारी कोळशाच्या भट्ट्यांपेक्षा उत्तरेकडून स्वस्त पडू लागलं होतं. वर्षभरातच ज्या उत्तरेशी युद्ध पेटणार होतं, तिच्याच लोखंडावर हा कारखाना आला होता.

नाताळला कारखाने बंद. जादा कामाचे पैसे हातात पडत, भाड्याचे लोक गावाकडे बायकापोरांना भेटायला जात, आणि आठवड्याभरात पुढच्या सालाचा मालक कोण ते ठरे.

तुम्ही पुढे कागदपत्रं बघणार असाल तर एक ध्यानात ठेवा. १८५० आणि १८६० च्या जनगणनेची गणती १ जूनची धरलेली आहे, म्हणजे तंबाखूच्या ऐन घाईतली. शिवाय भाड्याचे गुलाम पुष्कळदा राबवणाऱ्याच्या नावापुढे मांडलेले सापडतात. त्यामुळे एखादा कारखानदार शंभर गुलामांचा धनी वाटतो, आणि खरं तर त्यातले बरेच भाड्याचे असतात. भाड्याचे रोखे आणि दलालांच्या वह्या शेजारी ठेवल्याशिवाय मालकीचे आकडे त्या तक्त्यातून काढू नका.