आधी ठरव, मग खुशाल थरथर

तुझा मेसेज वाचला, तुझ्या स्टेजवरच्या व्हॅलोरंट मॅचची क्लिप परत परत बघितली, आणि खरं सांगू का, मला तुझा राग आला. हरलीस म्हणून नाही, खाली जे लिहिलंयस त्याचा. "दादा, ऑनलाइन रँक्डमध्ये मी कुणाला ऐकत नाही, पण स्टेजवर बसले की हात गार पडतात, मी बहुतेक प्रेशरमध्ये खेळणारी प्लेयरच नाहीये." आणि मग शेवटी तो प्रश्न, शांत कसं राहायचं.

अगं, त्या क्लिपमध्ये शांततेचा काही संबंधच नाहीये.

परत लाव ती क्लिप. वन व्ही वन, तू एकटी आणि समोर एकच उरलेला, स्पाइक, म्हणजे बॉम्ब, तुम्ही लावलेला, तू बॉक्सच्या मागे, जागा एकदम मस्त, त्याला तू कुठे आहेस माहीत नाही. तो येतो, स्पाइकला टॅप करतो, डिफ्यूजचा, म्हणजे तो निकामी करण्याचा, आवाज येतो आणि तू त्याच क्षणी बाहेर उडी मारतेस. तो डिफ्यूज कधीच सोडून तुझ्या कोपऱ्यावर क्रॉसहेअर लावून, नेम धरून उभा. खेळ खल्लास. आता आवाज वाढव आणि फक्त स्पाइकची बीप ऐक. स्पाइक लावल्यापासून ४५ सेकंदांनी फुटतो, डिफ्यूजला ७ लागतात, हाफ, म्हणजे अर्धं डिफ्यूज आधीच झालेलं असेल तर साडेतीन. त्याने हाफ केलेलंच नव्हतं आणि बीप इतकी फास्ट झालेली की ७ सेकंद उरलेच नव्हते. म्हणजे तो तिथे चिकटून बसला असता तरी स्पाइक फुटणारच होता. तुला काहीही करायचं नव्हतं! नुसतं बसून राहायचं होतं.

आता तू म्हणशील हे मला माहितीये. तुला माहितीये हे मलाही माहितीये, मागे टीममधल्या नवीन पोराला हाफचं गणित तूच समजावून सांगत होतीस. पण ते गणित तू तिथे, त्या वेळी, छाती धडधडत असताना करायला गेलीस आणि तिथे ते होत नाही, कुणाचंच होत नाही. पल्स वाढला की बोटांचं रक्त कमी होतं, म्हणून ती गार पडतात, नजर एकाच गोष्टीला चिकटते, कान अर्धं ऐकतात, आणि डोकं सगळ्यात जवळचं जे काही दिसेल ते करून मोकळं होतं. तुला आवाज आला, तू धावलीस. एवढंच झालं. हा तुझ्या स्वभावाचा दोष नाही, तुझ्याकडे त्या क्षणासाठी ठरवलेलं काही नव्हतं म्हणून हे झालं.

आधी ठरव. माझ्याकडे सांगण्यासारखं हे एवढंच आहे आणि पुढे जे काही लिहिणारे ते यावरच फिरून फिरून येणारे, कंटाळा आला तर इथेच थांब.

आधी म्हणजे कधी? मॅचच्या आदल्या दिवशी, आणि फार तर बाय फेजच्या, म्हणजे राउंडआधी गन विकत घ्यायच्या, ३० सेकंदांत. तेव्हा तुझं डोकं तुझं असतं. "बीप फास्ट आहे आणि हाफ नाही, तर पीक नाही, बाहेर डोकवायचं नाही." हे वाक्य आधी ठरलेलं असतं तर तुझे हात बर्फ झाले असते तरी चाललं असतं, कारण करायचं काय तर काहीच नाही. थरथर कापत बसून राहता येतं की माणसाला. लोक थरथर थांबवायच्या मागे लागतात आणि मला ते कळतच नाही, थरथर थांबली म्हणून आजवर कुणी राउंड जिंकलाय का?

श्वासाचं विचारलंयस. चांगलंय, कर. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव, त्याने पल्स थोडा खाली येतो, राउंड संपला की माऊसवरून हात काढ, बोटं उघडझाप कर, कारण टेन्शनमध्ये तू माऊस इतका आवळतेस की फ्लिक, म्हणजे नेमाचा झटका, टार्गेटच्या पुढे जातो, क्लिपमध्ये दिसतंय. पण हे दोन राउंडच्या मधलं काम आहे. क्लचमध्ये, म्हणजे शेवटची एकटी उरल्यावर, श्वास मोजायला बसलीस तर पावलांचे आवाज कोण ऐकणार.

आणि शांत व्हायचा अट्टहासच चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि नुसतं माझं नाही. २०१४ मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स नावाच्या हार्वर्डच्या संशोधिकेचा एक पेपर आला होता, तिने लोकांना गाणं, भाषण, गणित अशा टेन्शनच्या कामांआधी काहींना "मी शांत आहे" असं म्हणायला लावलं आणि काहींना "मी एक्सायटेड आहे", तर एक्सायटेडवाल्यांनी जास्त चांगलं केलं. कारण साधं आहे, धडधडणारं हृदय शांत आहे असं त्याला सांगितलं तर ते ऐकत नाही, पण ही धडधड मजेची आहे म्हटलं तर निदान पटण्यासारखं तरी असतं. तेव्हा स्वतःला शांत हो शांत हो म्हणणं बंद कर, तुझ्या क्लिपच्या आधीच्या राउंडला माईकवर तू दोनदा म्हणालीयस, "काम डाऊन, काम डाऊन". कुणाला सांगत होतीस?

फायटिंग गेम तू खेळत नाहीस पण इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेतला २००४ चा स्ट्रीट फायटरचा सामना, दाइगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग, बघितला असशील, नसशील तर आधी बघ, मग पुढचं वाच. दाइगोच्या केन या पात्राकडे हेल्थ जवळपास शून्य, ब्लॉक केलं तरी मरणार अशी अवस्था, आणि वाँग त्याच्या चुन-लीची सुपर, म्हणजे सगळ्यात मोठा हल्ला, टाकतो, १५ हिट्स. दाइगो एकेक हिट पॅरी करतो, म्हणजे नेमक्या क्षणी इनपुट देऊन जराही हेल्थ न गमावता थोपवतो, आणि उलटा मारून राउंड जिंकतो. पब्लिक वेडं होतं. लोक ती क्लिप दाखवून म्हणतात बघा काय थंड डोक्याचा माणूस. मला तिथे दुसरंच दिसतं. त्यातला पहिला पॅरी बघून मारताच येत नाही, सुपरचा फ्लॅश दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आता सुपर येणार हे धरून चालून आधीच इनपुट द्यावं लागतं. म्हणजे वाँगने बटण दाबायच्या आधी दाइगोचं ठरलेलं होतं. डोकं थंड होतं की गरम ते त्यालाच माहीत, पण ठरलेलं होतं. (आणि हो, त्याच इव्होची फायनल तो हरला, हे क्लिप शेअर करणारे कधीच सांगत नाहीत.)

अनुभव आला की आपोआप जमेल असं तुला तुझ्या कोचने सांगितलं म्हणे. नाही जमत आपोआप. २०१८ ची सीएसची, म्हणजे काउंटर-स्ट्राइकची, बॉस्टन मेजर या मोठ्या स्पर्धेची फायनल काढून बघ, तिसरा मॅप इन्फर्नो, फेझ ही टीम १५-११ ने पुढे, एक राउंड हवा, फक्त एक, आणि समोर क्लाउड९. फेझमध्ये सगळे मुरलेले, एकेकाचं नाव ऐकून समोरचा गार पडावा असे. हरले, ओव्हरटाइममध्ये २२-१९. त्यांचं नेमकं काय बिनसलं हे मी सांगू शकत नाही, मी त्यांच्या हेडसेटमध्ये नव्हतो, पण अनुभव पुरत नाही एवढं तरी त्यावरून कळतं की नाही? आणि स्टेजवर रडलीस म्हणून लाज वाटते असं लिहिलंयस, त्यावर मी एकच सांगतो, लीग ऑफ लेजंड्सचा फेकर २०१७ ची वर्ल्ड्स, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपची, फायनल ०-३ हरून स्टेजवर रडला होता, सगळ्या जगाने बघितलं, आणि पुढे २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्ल्ड्स घेतली. रडण्याचा विषय संपला.

आता तुझ्या मनात येणारा पुढचा मुद्दा मला माहितीये, कारण माझ्याशी सगळे यावरूनच भांडतात. "गेम वाचावा लागतो, आधी सगळं ठरवलं तर अ‍ॅडॅप्ट कसं करणार?" बाई गं, अ‍ॅडॅप्ट करायचं तेही ठरवता येतं. दोन राउंड सलग एकाच साइटला, म्हणजे स्पाइक लावायच्या जागेला, आले तर तिसऱ्याला आपण माणूस हलवायचा की नाही, त्यांची ऑप, ती स्नायपर गन, दिसली तर मिडचं, म्हणजे मॅपच्या मधलं, पीक कोण सोडणार, मी शेवटची उरले तर मेलेल्यांपैकी बोलणार कोण. हे शेवटचं तर तुम्ही ठरवलेलंच नाहीये, क्लिपमध्ये चारही जण एकदम ओरडतायत, एक म्हणतो "जा जा", एक म्हणतो "थांब", आणि त्या गोंधळात बीप ऐकू आली नाही तर नवल काय. एकानेच बोलायचं आणि त्यानेही टाइमच सांगायचा. ठरवा ना हे आधी!

माझी ती सेव्हची, म्हणजे राउंड सोडून गन वाचवल्याची, गोष्ट तू कुठून तरी ऐकलीच असशील, सगळ्यांना ऐकवली जाते. क्वालिफायरची फायनल, आम्ही १०-११, दोघं उरलेलो, समोर चौघं, स्पाइक लांबच्या साइटला लागलेला. मी सेव्ह कॉल केला. दुसरा जायला निघाला होता, त्याला मी माईकवर थांबवलं. १०-१२ झालं, पुढच्या राउंडला आमच्याकडे दोन चांगल्या गन होत्या आणि तरी हरलो. त्यानंतर मी घाबरट. टीममध्ये घाबरट, बाहेर घाबरट, ज्यांनी मॅच बघितलीही नाही त्यांच्यातही घाबरट.

मी घाबरलेलो होतोच, त्यात काय? हात माझेही गार होते. पण दोघं विरुद्ध चौघं, स्पाइक लागलेला, लांबची साइट, तर सेव्ह, हे आम्ही पाचही जणांनी आदल्या रात्री बसून ठरवलेलं, ज्याने नंतर सगळ्यात जास्त आरडाओरडा केला त्याने तर मान डोलवून "शंभर टक्के" म्हटलं होतं. दोघांनी चौघांवर रिटेक मारून, म्हणजे साइट परत घेऊन, जिंकणं हे क्लिपमध्ये दिसतं कारण जे हरतात त्यांच्या क्लिप कुणी काढत नाही. आम्ही गेलो असतो तर बहुतेक वेळा त्या दोन गन पण गेल्या असत्या आणि मॅच पॉइंटला फुटक्या पैशांवर खेळलो असतो. मी आजही तोच कॉल देईन. लोकांना वाटतं वय वाढलं की मी त्यावर नरम पडेन, नाही पडणार.

मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्यानंतर आम्ही ठरवणं सोडलं. "आता फ्री खेळूया, फील घेऊन खेळूया" असं सुरू झालं, मीही वाद घालायचा कंटाळा आला म्हणून कॉलिंग सोडून दिलं आणि एक चांगली टीम काही महिन्यांत नुसती पाच चांगल्या एमची, म्हणजे नेमाची, पोरं होऊन बसली. त्यातला एक तर तुझ्याहून भारी क्लच खेळायचा. त्याने खेळणंच सोडलं. हे सगळं मी का लिहितोय, तर तुझ्या मेसेजमध्ये "आता मी जास्त विचार न करता खेळणारे" असं एक वाक्य आहे आणि ते वाचून मला धस्स झालं. विचार कर गं, भरपूर कर, फक्त राउंडच्या बाहेर कर.

आणि ठरवलेलं चुकीचं निघालं तर? निघेल. पुष्कळदा निघेल. मग मॅच संपल्यावर बदल, वहीत खोडून दुसरं लिही. पण राउंडच्या मधे बदलायचं नाही, कितीही मोह झाला तरी. तुला त्या क्षणी जी भारी आयडिया सुचते ना, ती आयडिया नसते, ती धडधड असते. इथे तू हट्टी हो, माझ्याइतकी झालीस तरी चालेल, चार लोक दूर जातील फार तर.

स्क्रिमला, म्हणजे सराव मॅचला, एक कर. जिंकलो की हरलो हे बघू नकोस. प्रत्येक क्लचनंतर एवढंच लिही की जे ठरलं होतं ते मी केलं का, हो की नाही. ठरलेलं करून हरलीस तर हो लिही, ठरलेलं मोडून एस मारलास, पाचही जण एकटीने उडवलेस, तरी नाही लिही, मला माहितीये त्या वेळी हात जड होईल. स्टेजवर जेव्हा कान बंद होतील तेव्हा ही हो-नाहीची सवयच तुझ्या जागी खेळणारे, स्टेजवरच्या तुझ्यावर मी एक राउंड लावणार नाही आणि तूही लावू नकोस.

पुढच्या मॅचच्या आदल्या रात्री मला तीन वाक्यं पाठव. "असं झालं तर मी हे करणार" या साच्यात, बाकी काही नको, स्मायली नको, सॉरी तर अजिबात नको. पहिलं वाक्य बीपचंच असू दे. दुसरं तुम्ही पाच जण मिळून ठरवा. आणि तिन्हींपैकी एकातही "शांत राहीन" असं दिसलं तर मी न वाचता परत पाठवणारे, मग रात्रीचे किती का वाजलेले असेनात.